भावाचा रक्तगट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



माझ्या धाकट्या भावाचा रक्तगट आयुष्यात दोनदा बदलला. जन्मापासून तो 'ए पॉझिटिव्ह' होता. वयाच्या तिशीत तो 'ओ पॉझिटिव्ह' झाला आणि पुढच्या दीड वर्षात पुन्हा 'ए पॉझिटिव्ह' झाला. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'रक्तगट जन्मभर बदलत नाही' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, याची गणती नाही. त्या वाक्याला अपवाद आमच्याच घरात निघाला. त्याचीच हकिकत आज सांगणार आहे. ओघात थोडं शास्त्रही येईल, पण घाबरू नका. आठवीच्या वर्गाला समजेल एवढंच सांगेन.

२००४ सालचा पावसाळा. भावाची शेती भोगावतीच्या काठाला, ऊसच सगळा. गडी अंगापिंडानं मजबूत, लहानपणी तालमीत जाऊन आलेला. जुलै महिन्यात तो मला भेटायला आला आणि आमचा जिना चढताना मध्येच बसला. दात घासताना रक्त येतं म्हणाला. दंडावर, मांडीवर निळे डाग दिसले. "कुठं धडपडलास का रे?" म्हटलं, तर म्हणाला, "न्हाई आक्का, आपोआपच उठत्यात."

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेपाच. प्लेटलेट आठ हजार. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. पांढऱ्या पेशीही फार कमी. मग कंबरेच्या हाडातून सुई घालून अस्थिमज्जा, ज्याला आपण सगळे आता बोन मॅरोच म्हणतो, ती काढून तपासली. मी विज्ञानाची बाई, म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा दाखवल्या. पहिली निरोगी माणसाची. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा महाद्वार रोड असावा, तशी पेशींची दाटी. दुसरी माझ्या भावाची. तोच रस्ता, पण बंदच्या दिवशीचा. चरबीचे गोल गोल थेंब आणि मध्ये चुकूनमाकून एखादी पेशी.

या आजाराचं नाव अप्लास्टिक ॲनिमिया. आपलं रक्त हाडांच्या पोकळीत तयार होतं. तिथं मूळ पेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्या. त्यांच्यापासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तर काही पांढऱ्या पेशी काही तासच रक्तात फिरतात. म्हणून हा कारखाना एक दिवसही बंद राहून चालत नाही. या आजारात तो बंद पडतो. बहुतेक वेळा तो बंद पाडणारा परका कुणी नसतो. रोगजंतूंशी लढायला ठेवलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी आपल्या मूळ पेशींवर उलटतात.

रक्त लागणार होतं, म्हणून आम्ही तिघं भावंडं बाह्या सरसावून तयार. तर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही तिघं सोडून कुणाचंही रक्त चालेल." मला राग आला. सख्ख्या भावंडांचं रक्त नको म्हणजे काय? कारण नंतर समजलं. उद्या आमच्यापैकीच कुणाच्या मूळ पेशी त्याला द्यायच्या ठरल्या आणि आमचं रक्त आधीच देऊन ठेवलं, तर त्याचं शरीर आमच्या पेशी ओळखायला शिकतं आणि मग त्या झिडकारण्याचा धोका वाढतो. श्रोतेहो, एवढी एक गोष्ट तरी आजच्या भाषणातून लक्षात ठेवा. या आजाराची नुसती शंका असली, तरी आई-वडील, भाऊ-बहिणी यांचं रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्या रात्री तालमीतली अकरा पोरं रक्तपेढीत आली. रक्ताचं नातं नसलेल्यांनीच त्याला तेव्हा जगवलं.

सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळण्याची शक्यता चारात एक. आमच्यात त्या माझ्या जुळल्या. रुग्ण तरुण असेल आणि भावंड जुळत असेल, तर प्रत्यारोपण हा पहिला मार्ग, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या देशात ही विद्या नवी नव्हती. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. लहानपणी पोलिओ झाल्यानं चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारे हे डॉक्टर. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला त्यांनी तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती. मी ते वाचलं आणि मनाशी म्हटलं, तिथं भावानं बहिणीला दिली, इथं बहीण भावाला देईल.

भावानं एक एकर रान गहाण टाकलं. जानेवारी २००५ मध्ये आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. माझ्या सासूबाईंना काळजी, की हाडातलं काढून दिलं तर ही पुढं उभी राहील का? त्यांना मी सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगते : भूल देऊन कंबरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, आठवडाभर कंबर दुखली आणि काही आठवड्यांत दिलेली भरून निघाली. मी पुढे एकवीस वर्षांत त्या कारणानं एकदाही डॉक्टरकडे गेले नाही.

भावाला आधी सायक्लोफॉस्फामाइड आणि आणखी काही औषधं दिली. उलटणाऱ्या पांढऱ्या पेशींचा नायनाट करायचा आणि माझ्या पेशींना जागा करून द्यायची, हा हेतू. मग माझी अस्थिमज्जा सलाइनसारखी शिरेतून चढवली. मला वाटलं होतं, मोठी शस्त्रक्रिया असेल. बघता बघता पिशवी रिकामी झाली आणि आम्ही दिवस मोजू लागलो. सतराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या. तिसऱ्या महिन्यात रक्ताची तपासणी झाली. मी बाई आणि तो पुरुष, त्यामुळे कोणती पेशी कुणाची हे गुणसूत्रांवरून ओळखता येतं. त्याच्या रक्तातल्या शंभरातल्या पंच्याण्णव पेशी माझ्या निघाल्या. पुढे जुन्या लाल पेशी मरत गेल्या आणि रक्तगट 'ओ' झाला. आई म्हणाली, "आता दोघांच्यात एकच रक्त." त्या वर्षीची राखी मी फार अभिमानानं बांधली.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत माझ्या पेशी निम्म्यावर आल्या होत्या.

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. माझ्या पेशी नाकारल्या जात असतील आणि त्यांच्या जागी काहीच उरलं नाही, तर पुन्हा तीच रिकामी काच, पुन्हा सगळं पहिल्यापासून. औषधांत बदल केला, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं. नवव्या महिन्यात माझ्या पेशी वीस टक्के. पण एक गोष्ट डॉक्टरांना नवलाची वाटत होती. हिमोग्लोबिन घसरत नव्हतं. प्लेटलेट लाखाच्या वर टिकून होत्या. माझ्या पेशी जात होत्या, तरी रक्त भरलेलंच होतं. म्हणजे माझ्या जागी दुसरं कुणीतरी काम करू लागलं होतं.

तो दिवस मला चांगला आठवतो. बाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी इचलकरंजीची एक बाई बसली होती. तिच्या सात वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया. त्यालाही त्याच्या बहिणीच्या पेशी दिल्या होत्या. आमच्या आधी तिचा नंबर लागला. आतून तिचा आवाज आला, "देव पावला डॉक्टर! माझ्या लेकराचं रक्त परत आलं?" बाहेर आली तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. थोड्या वेळानं आम्हालाही तेच सांगण्यात आलं, की तुमच्या भावाचं स्वतःचं रक्त परत येतंय. पण आमच्याकडे डॉक्टर हसत होते.

मला काही समजेना. एकच बातमी, आणि एका घराला रडू, एका घराला हसू, असं कसं?

डॉक्टरांनी कागद घेऊन समजावलं. थॅलेसेमियाचा दोष जन्मापासून मूळ पेशीतच असतो. स्वतःचं रक्त परत आलं म्हणजे तो दोषही परत आला. पुन्हा दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आलं. अर्थात बहिणीच्या थोड्या पेशी जरी कायम टिकल्या, तरी काही मुलांचं रक्त चढवणं थांबतं. त्या मुलाच्या मात्र टिकल्या नव्हत्या. रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी पुन्हा दिसू लागल्या, तर पहिली भीती असते ती कर्करोग परतण्याची. स्वतःच्या निरोगी पेशी परतल्या आणि कर्करोग आलाच नाही, असेही रुग्ण वैद्यकाच्या नोंदीत आहेत, पण थोडे. अप्लास्टिक ॲनिमियाची गोष्ट वेगळी. तिथं मूळ पेशी बहुधा निर्दोष असतात, त्यांच्यावर हल्ला झालेला असतो. हल्ला करणारे गेले आणि दोन-चार मूळ पेशी कुठे दडून वाचल्या असल्या, तर त्या पुन्हा उभ्या राहू शकतात.

पण एवढ्या जालीम औषधातून त्या वाचतात कशा? त्याचंही उत्तर आहे. सायक्लोफॉस्फामाइडला निकामी करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, मूळ पेशींत भरपूर असतं. हल्लेखोर पांढऱ्या पेशींत ते फार कमी असतं. त्यामुळे औषधानं शत्रू मरतो आणि मूळ पेशी तगते.

घरी येताना गाडीत मी हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, म्हंजे हुमणी लागल्यागत झालं की! हुमणीनं मुळं खाल्ली, ऊस वाळला. आपण म्हटलं, गेलं रान. औषध घातलं, नवी लावण केली. आणि खालनं जुन्या बुडख्याला फुटवा आला." श्रोतेहो, तीस वर्षं शिकवूनही मला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

पुढे नोकरीतून मोकळी झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. तेव्हा समजलं, की माझ्या भावासारखी गोष्ट आधीही घडली होती, आणि तिनं वैद्यकाला वाट दाखवली होती.

१५ ऑक्टोबर १९५८. युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळ विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा तरुणांना किरणोत्साराचा मोठा मारा बसला. त्यांना पॅरिसला नेलं. तिथं जॉर्ज माते या डॉक्टरांनी त्यांच्यापैकी पाच जणांना अनोळखी फ्रेंच माणसांची अस्थिमज्जा दिली. देणाऱ्यांचं आणि घेणाऱ्यांचं ना नातं, ना भाषा एक. पाचातला एक दगावला. बाकीच्यांच्या रक्तात काही काळ फ्रेंच दात्यांच्या लाल पेशी दिसल्या, मग त्या हळूहळू नाहीशा झाल्या आणि रुग्णांचं स्वतःचं रक्त परत आलं. ते बरे होऊन घरी गेले. त्यातल्या एका तरुणीला पुढे निरोगी मूलही झालं. दात्यांच्या पेशींनी त्यांना वाचवलं, की त्यांचं रक्त तसंही परत आलं असतं, यावर तज्ज्ञांनी पुढे पुष्कळ वाद घातला.

याच माते यांनी १९७० साली अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांनी रुग्णांना पांढऱ्या पेशी मारणारं सीरम दिलं आणि पूर्ण न जुळणारी अस्थिमज्जा दिली. अस्थिमज्जा रुजली नाही, तरीही काही रुग्णांचं स्वतःचं रक्त सुधारलं. म्हणजे गुण कशाचा? १९७७ साली ब्रुनो श्पेक आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना सीरमबरोबर अस्थिमज्जा दिली आणि काहींना नुसतंच सीरम. सुधारणा दोन्हीकडे दिसली. तेव्हा या आजारामागे शरीराचा स्वतःवरचा हल्ला असला पाहिजे, या विचाराला बळ आलं. आज ज्यांना जुळणारं भावंड नाही, त्यांना घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तापासून तयार केलेलं तसलंच औषध सायक्लोस्पोरिनच्या जोडीनं देतात. फसलेल्या प्रत्यारोपणांतून या उपचाराचा धागा सापडला.

हे वाचून माझं समाधान व्हायला हवं होतं. उलट, एक काटा मनात रुतला. नुसत्या औषधानंही त्याचं रक्त परत आलं असतं, तर मी दिलेलं वायाच गेलं का? खरं सांगते, २००६ च्या उन्हाळ्यात 'दात्याच्या पेशी : शून्य टक्के' असा अहवाल आला, तेव्हा घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. भाऊ बरा झाला होता, आणि त्याच्यातली मी संपले होते. असं वाटणं बरोबर नव्हतं, पण वाटलं. भावाच्याही ते ध्यानात आलं असावं. राखीच्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, "आक्का, तुझं रगात मला टिकवता आलं न्हाई बघ." जणू त्यानं माझी काही वस्तू हरवली होती.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाई, त्याच्या पेशी माझ्याशिवाय परतल्या असत्या का, हे मी सांगू शकत नाही, दुसरंही कुणी सांगू शकणार नाही. पण तिसऱ्या महिन्याचा अहवाल काढून बघा. त्याच्या रक्तात शंभरातल्या पंच्याण्णव पेशी तुमच्या होत्या. त्या दिवसांत आलेला प्रत्येक जंतू तुमच्या पेशींनी परतवलाय." मी घरी येऊन तो कागद काढला. तो आजही माझ्या कपाटात आहे, शून्य टक्क्यांच्या कागदाच्या वर ठेवलेला.

तालमीतल्या त्या अकरा पोरांची मला तेव्हा आठवण झाली. त्यांच्या लाल पेशी चार महिन्यांत संपल्या, प्लेटलेट तर आठ-दहा दिवसांतच. त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही, की माझं रक्त अजून आहे का? मग मीच का विचारावं?

आता दोन शब्द सावधगिरीचे. 'रक्त आपोआप परत येतं' असं ऐकून कुणी उपचार टाळू नयेत. गंभीर अप्लास्टिक ॲनिमियात उपचार न केल्यास जीव जातो. माझ्या भावाचं रक्त आपोआप परतलं नाही, औषधांनी वाट मोकळी केल्यावर परतलं. प्रत्यारोपणानंतरची औषधं, विशेषतः सायक्लोस्पोरिन, बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नयेत. अहवालात स्वतःच्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तर आनंद किंवा दुःख करण्याआधी 'आमच्या आजारात याचा अर्थ काय?' एवढं विचारावं. आणि बरं झाल्यावरही वर्षातून एकदा रक्त तपासावं, कारण या आजारात पुढे कधी मूळ पेशींत दुसरे दोष उद्भवू शकतात. माझा भाऊ दर वर्षी जातो. मी मागे लागते म्हणून जातो, पण जातो.

इचलकरंजीच्या त्या बाईची पुढे गाठ पडली नाही. तिचा मुलगा आता पंचविशीच्या पुढे गेला असेल. ती कुठे हे भाषण ऐकत असेल, तर तिला सांगायचंय, की त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही. आमच्या आनंदाची लाज वाटली होती. आणि तुमच्या लेकीनं दिलेलं वाया गेलं, असं तिला कुणी म्हणू देऊ नका.

भावाचं गहाण रान पाच वर्षांत सुटलं. आता तो पन्नाशीला आला आहे. परवा गुडघा दाखवायला दवाखान्यात नेला होता. खिडकीवरच्या पोरीनं कागद भरताना विचारलं, "काका, रक्तगट कुठला?"

हा म्हणतो, "कुठल्या सालचा सांगू?"

ती पोरगी माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "ए पॉझिटिव्ह लिही बाळ."